फोडणीचाच असणार, दुसरं काय!

...आणि वर मलाच विचारतात, 'तुम्ही तर इंजिनिअर ना हो?' अहो, आहे ना इंजिनिअर! म्हणूनच तर एवढं झालं! साध्या माणसाच्या घरात वास आला तर तो खिडकी उघडतो आणि गप्प बसतो. मी पडलो इंजिनिअर, मी आधी घरातल्या सगळ्या खिडक्या पट्ट्या लावून घट्ट केल्या आणि मग वास कुठून येतो ते शोधत बसलो. आणि निदान काय झालं? फोडणी! घरमालक म्हणतो फोडणी, शेजारीण म्हणते फोडणी, माझी स्वतःची बायको म्हणते फोडणी! तुम्हाला सांगतो, जर्मनीत आपल्या माणसाच्या घरात गटार तुंबू दे, वायर जळू दे, भिंतीत उंदीर मरू दे... वास कसला? फोडणीचाच असणार, दुसरं काय!

थांबा, नीट सांगतो. मी हृषिकेश. ड्रेस्डेनला एका चिपच्या कारखान्यात आहे, आणि माझं काम काय? हवा! हसू नका, खरंच हवा. जिथे चिप बनते ना, त्या खोलीत धुळीचा एक कण चालत नाही. मग आम्ही काय करतो, खोलीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडासा जास्त ठेवतो, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतून बाहेर जाते, बाहेरची घाण आत येत नाही. बास, एवढंच! जिकडे दाब कमी तिकडे हवा जाते. हे एक वाक्य मला येतं, ह्या एका वाक्यावर मी डॉक्टरेट केली, ह्याच वाक्यावर माझं घर चालतं. ते तेवढं लक्षात ठेवा, कारण मी विसरलो होतो.

तर शहरात घर मिळेना. मिळेना म्हणजे, फोनवर माझं जर्मन ऐकून म्हणायचे, या की बघायला, आणि प्रत्यक्ष गेलं की पहिला प्रश्न, 'तुम्ही घरी... रोज शिजवता?' अरे मग काय चतुर्थीच्या चतुर्थी शिजवतो? शेवटी शहराबाहेर एका खेड्यात घर मिळालं. मालक हेर नोआक, हेर म्हणजे श्रीयुत. पन्नाशीचा गडी, झुपकेदार मिशा, घर त्याच्या वडिलांचं. त्यानं आम्हाला आधी घर दाखवलंच नाही, आधी तळघर दाखवलं! तळघरात कोळशाचं केसेल, म्हणजे बॉयलर हो, त्यात पाणी तापतं आणि नळ्यांतून घरभर फिरतं. आणि त्या केसेलला स्टोकर! नोआक त्या स्टोकरवरून असा हात फिरवत होता, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. 'हेर डॉक्टर, ह्या टाकीत कोळसा ओतायचा, बारीक, एवढा एवढा,' सुपारीएवढा दाखवतोय, 'खाली स्क्रू फिरतो, तो स्वतःच थोडा थोडा कोळसा आगीत ढकलतो. तुम्ही झोपा, तुम्ही ऑफिसला जा, तुम्ही मेलात तरी तो थांबणार नाही!' असं म्हणाला आणि पोट धरून हसला. मीही हसलो. बघा, मी हसलो त्याला.

मग वैभवीला, म्हणजे माझ्या बायकोला, नोकरी लागली, आमच्या लेकीची, उर्जाची, शाळा सुरू झाली, घरी कुणीतरी हवं म्हणून मिरजेहून सासूबाई आल्या. शोभनाबाई. मी त्यांना आईच म्हणतो. एकट्या राहणारी बाई, ताठ, तोंडाची फटकळ, आणि हाताला अशी चव की काय सांगू तुम्हाला... आल्या त्याच दिवशी बॅगेतून लोखंडी कढई काढली! विमानात कपडे कमी आणले आणि कढई आणली! आणि त्या घरात पहिल्यांदा खरीखुरी फोडणी झाली. मोहरी तडतडली, हिंग पडला, कढीपत्ता पडला, मिरची पडली, मला ठसका, उर्जाला ठसका, डोळ्यांत पाणी, आणि छतावरचा तो राउखमेल्डर, धुराचा अलार्म, तो लागला बोंबलायला!

आता ह्या अलार्मचं आणि आपल्या लोकांचं जुनं वैर. जर्मनीत तो घरोघरी लावावाच लागतो. आणि मोहरी तडतडली की तो किंचाळतो. मग घरात धावपळ, एक जण टॉवेल हलवतोय, एक जण स्टुलावर चढून बटण दाबतोय, एक जण खालून ओरडतोय, 'अरे बॅटरी काढ, बॅटरी!' ड्रेस्डेनमध्ये आपल्या एकाही घरी मी तो उघडाबोडका पाहिलेला नाही. कुणी त्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधलीय, कुणी आंघोळीची टोपी घातलीय. आमच्या अलार्मला टोपी होती. गुलाबी, ठिपक्याठिपक्यांची.

दुसऱ्याच दिवशी कुंपणापलीकडून फ्राऊ लेनर्ट. ह्या आमच्या शेजारीणबाई, नाक असं वर करून म्हणतात, 'तुमच्याकडे वास येतो... इंटरेसांट!' आता जर्मन माणूस इंटरेसांट म्हणाला ना, की समजून जायचं. वैभवी लाजेनं अर्धी झाली. 'हृषी, काहीतरी कर, पुन्हा घर सोडावं लागेल.' मग मी काय केलं? इंजिनिअर ना! स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारी ती मशीन असते बघा, आपल्याकडे चिमणी म्हणतात ती. जर्मनमध्ये तिला डुन्स्टआबत्सुग्सहाउबे म्हणतात, एवढा शब्द म्हणेपर्यंत फोडणी करपते, म्हणून आपण चिमणीच म्हणू. साधी घेतली का? छे! हॉटेलात लावतात तसली घेतली. भिंतीत एक जुनं बुजवलेलं भोक होतं ते मोकळं केलं, पाइप काढला मागच्या शेताच्या बाजूला, फ्राऊ लेनर्टच्या नाकापासून लांब. आणि चालू केली... अहो, जाळीला पेपर धरला तर पेपर चिकटला! अख्खा पेपर, पुरवण्यांसकट! आई म्हणतात, 'अहो हृषिकेशराव, हे माझी पोळी ओढून नेईल की!' मी असा छाती काढून उभा.

आणि थंडी सुरू झाली. आई मिरजेच्या, त्यांना कुठली सवय! दोन स्वेटर, शाल, कानटोपी, तरी 'कुठून तरी गार वारं येतंय हो.' मग मी सगळ्या खिडक्यांना रबरी पट्ट्या लावल्या, दारांना लावल्या, चिरा बुजवल्या, घर असं बंद केलं की माशी आत यायची नाही. आणि आईंना खोली कुठली दिली? सगळ्यात उबदार! स्वयंपाकघराशेजारची, बरोबर खाली केसेल, बाजूला तळघराच्या जिन्याचं दार. जमीन अशी कोमट लागायची पायाला. आई म्हणाल्या, 'जावई असावा तर असा.' हे वाक्य आता मला आठवलं की...

जाऊ दे. तर वास यायला लागला.

आई म्हणाल्या, 'हृषिकेशराव, कसलातरी वास येतोय हो. जळका.' वैभवी लॅपटॉपमधून डोकं वर न काढता, 'आई, तू आत्ता फोडणी दिलीस ना? त्याचाच असणार, दुसरं काय!' आणि आई अशा ताठ झाल्या. 'माझ्या फोडणीला असा वास येत नाही.' संपलं. अपमान झाला बाईचा. आयुष्यभर फोडणी दिलेली बाई, तिची मोहरी कधी करपली नाही, आणि पोटची पोरगी सांगते हा जळका वास तुझा! पण तुम्ही म्हणाल, वास फोडणीच्या वेळीच का यायचा? तेच तर ना! स्वयंपाक सुरू झाला की यायचा, झाकपाक झाली की जायचा. मग कुणाला काय वाटणार?

तरी मी म्हटलं, नको, कोळसा आहे, बघून घ्यावं. नोआकला बोलावलं. तो आला, तळघरात गेलाच नाही! आला तो सरळ ओट्याशी. मिसळणाचा डबा उघडला, एकेक वाटी नाकाशी, 'हम्म... हम्म...' आणि मग हिंगाची डबी! अशी नाकाला लावली आणि एक पाऊल मागे! डोळे मोठे! 'डा हाबेन वियर एस!' म्हणजे सापडला चोर! 'हेर डॉक्टर, माझ्या वडिलांनी ह्या केसेलवर आयुष्य काढलं, कधी वास नाही. हा वास ह्या डबीचा!' आता हिंगाला वास नाही असं कसं म्हणू मी? आई मला विचारतात, 'काय म्हणाला तो मिशीवाला?' काय सांगू? म्हटलं, 'तुमचा हिंग चांगला आहे म्हणतो.'

मग मी स्वतः उतरलो तळघरात. इंटरनेटवर जर्मन लोकांचा एक कट्टा आहे, तिथे फक्त केसेलवर बोलतात, काय सांगू, माणसं लेकरांचं बोलत नाहीत एवढ्या मायेनं! एक म्हणतो, दाराची दोरी बदला, केसेलच्या दाराला हवा जाऊ नये म्हणून दोरी असते. बदलली. दुसरा म्हणतो, राख साचली असेल. उपसली. तिसरा म्हणतो, पाइपाचे सांधे बघा. बघितले. स्टोकरचा स्क्रू उघडला, टाकीचं झाकण घट्ट केलं, हाताची पार वाट. चौथा म्हणतो, धुराड्याला ओढ आहे का बघा. ओढ, त्सूग! धूर वर खेचला जायला हवा, तो खाली यायला लागला की खेळ खलास. आता ओढ कशी बघायची? मी आईंच्या देव्हाऱ्यातली उदबत्ती घेतली, पेटवली, केसेलच्या फटीशी धरली. धूर सरळ आत! वर! काय ओढ, वा! आई जिन्यात उभ्या, 'अहो, देवाची उदबत्ती भट्टीला ओवाळताय?' मी म्हटलं, 'आई, टेस्ट आहे.' त्या म्हणाल्या, 'मग आरतीही म्हणा.' टेस्ट पास! पण टेस्ट कधी केली? रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, ओटा पुसून, चिमणी बंद करून!

शेवटी श्योर्नश्टाइनफेगरला बोलावलं. म्हणजे धुराडं साफ करणारा, पण इकडे तो सरकारमान्य साहेब असतो, त्यानं सही केली तरच चूल पेटवायची. काळे कपडे, डोक्यावर उंच टोपी. जर्मन लोक म्हणतात त्याला हात लावला की नशीब उघडतं. उर्जानं लावला हात. आईंनीही लावला, घरातलं लेकरू लावतंय म्हणून. आणि आता बघा आमचं शहाणपण! साहेब येणार, घरात वास नको, म्हणून वैभवीनं त्या दिवशी आईंना स्वयंपाकच करू दिला नाही! सकाळी ब्रेड आणि चीज! वर सगळ्या खिडक्या सताड उघड्या, घरात बर्फासारखी स्वच्छ हवा! त्यानं मशीन लावली, आकडा बघितला, 'त्सूग प्रीमा!' ओढ झकास! जाताना विचारलं, 'हायझुंगमध्ये काही बदल केलात का?' हायझुंग म्हणजे घर तापवायची यंत्रणा. मी म्हटलं, नाइन, म्हणजे नाही. बरोबरच ना? हायझुंगला मी हात लावलाच नव्हता. हात लावला होता किचनला! प्रश्नाला अचूक उत्तर दिलं मी. आम्ही घरी रोज कसे राहतो, कसे शिजवतो, हे त्याला दिसू नये म्हणून घर धुऊनपुसून ठेवलं, आणि नेमकं तेच त्यानं बघायला हवं होतं.

एक मात्र सांगून गेला, की कोळसा आहे तर सीओ-मेल्डर घ्या. अर्धवट जळल्या कोळशाचा विषारी वायू असतो, त्याला स्वतःचा वास नसतो, तो मापणारा अलार्म. मी आज्ञाधारक. आणला, जिन्याच्या दाराशी लावला. आणि काय सांगू तुम्हाला... लावला त्याच दिवशी, आईंची आमटी झाली, पोळ्या होत आल्या आणि हा लागला किंचाळायला! वैभवी सवयीनं टॉवेल घेऊन धावली. मी सवयीनं स्टुलावर चढलो. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की हा दुसरा अलार्म आहे, ह्याला धूर कळत नाही, ह्याला फक्त विष कळतं! कसं येणार? मोहरी तडतडली की अलार्म वाजतो, हे आम्ही जर्मनीत उतरल्यापासून बघतोय! म्हटलं, जर्मन माणसालाच फोडणी कळत नाही तर त्याच्या मशीनला काय कळणार? फोडणीचाच असणार, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी मी त्यालाही टोपी घातली, निळी, आणि पंच्यांच्या ड्रॉवरमध्ये तळाशी कोंबून टाकला. मी. ह्या हातांनी.

आणि इकडे आईंचं डोकं दुखायला लागलं. रोज. दुपार झाली की डोकं, मळमळ, पाय जड. वैभवी म्हणते पित्त. इथला डॉक्टर म्हणतो हवापालट, पाणी प्या. मिरजेहून त्यांच्या बहिणीनं व्हिडिओवर दृष्ट काढली. आणि शनिवार-रविवारी आम्ही त्यांना ड्रेस्डेनला हिंडायला न्यायचो, नदीकाठी, चर्चबिर्च दाखवायला, तर तिथे बाई ठणठणीत! चार जिने चढतात, केक खातात, हसतात. घरी आलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा डोकं. मग एकदा वैभवी त्यांच्या समोरच बोलून गेली, 'बघितलंस हृषी? हिंडायला नेलं की दुखत नाही, घरी काम करताना दुखतं. नाटकं आहेत!' ती वाईट नाही हो. दमलेली असते. पण त्या दिवसापासून आईंनी डोकं दुखतंय हे सांगणंच बंद केलं. आणि आम्हाला काय वाटलं? बरं वाटतंय आता!

मग ती संकष्टी. आईंचा उपास, चंद्रोदयापर्यंत पाण्याशिवाय काही नाही. म्हणजे स्वयंपाक नाही, फोडणी नाही, कढई धुऊन पालथी. वैभवी ऑफिसला, मी ऑफिसला, उर्जा शाळेत. दुपारी बाई आडव्या झाल्या. आता तुम्हाला माहितीये, आपल्या माणसाला पंख्याच्या आवाजाशिवाय दुपारची झोप लागत नाही. थंडी असू दे, अंगावर दोन रजया असू देत, पण वर काहीतरी घर्रघर्र पाहिजे. इथे कुठला पंखा? मग आईंनी शोध लावला होता. चिमणी फुल्ल वर चालू करायची, खोलीचं दार उघडं ठेवायचं, की अगदी मिरजेचा पंखा! रोज दुपारी तशाच झोपायच्या. कुणाला सांगितलं नव्हतं, वीज जळते म्हणून जावई काही म्हणेल, ही भीती.

आणि खाली स्टोकर. माणूस कोळसा टाकत असता तर त्यालाही भोवळ आली असती, हात थांबला असता. स्टोकर कशाला थांबतोय!

मी उर्जाला शाळेतून घेऊन घरी आलो. किल्ली फिरवली, आणि दाराला नुसता हात टेकवला तर ते फाडकन आत गेलं, माझ्या हातातून खेचल्यासारखं. हे बऱ्याचदा व्हायचं, आणि दर वेळी मी कौतुकानं म्हणायचो, काय स्मूथ दार आहे, जर्मन काम! आत आलो. उर्जा म्हणते, 'पापा, एस पीप्ट.' काहीतरी वाजतंय. ड्रॉवरमधून बारीक आवाज, पंच्यांच्या खालून. आणि मी काय म्हटलं असेल? सांगा ना, काय म्हटलं असेल? 'आजीनं फोडणी दिली असणार, बाळा, दुसरं काय!' आणि मी बूट काढले. नीट जोडीनं ठेवले. जॅकेट हँगरला लावलं. उर्जा आईंच्या दारात गेली आणि म्हणाली, 'आजी श्लेफ्ट.' आजी झोपलीये. मी म्हटलं, झोपू दे, उपास आहे आज...

उपास आहे आज.

अहो, उपास आहे! फोडणी कुठून आली? कढई पालथी पडलीये, ओटा कोरडा, आणि हे ओरडतंय कुणाच्या नावानं? वर बघतो तर चिमणी फुल्ल, घर्रघर्र. खोलीत गेलो. आई छान गुलाबी दिसत होत्या. गाल असे गुलाबी, मिरजेहून आल्यापासून कधी नव्हते तसे. त्या विषानं गाल असे होतात, हे मला नंतर कळलं. हाक मारली. हलवलं. 'आई! अहो आई!' काही नाही. मग मी त्यांना काखेत हात घालून ओढत बाहेर नेलं, उर्जाला पुढे ढकललं, मोज्यांवर, बर्फात. आणि किती जड असतो हो माणूस, एवढीशी बाई!

फ्राऊ लेनर्ट रजई घेऊन धावत आल्या, त्यांनीच फोन केला. गावची आगीची गाडी आली. तुम्हाला सांगतो, खेड्यात ही सगळी गावचीच माणसं असतात, बेकरीवाला, सुतार. तर गाडीतून पहिला कोण उतरला? हेल्मेट घातलेला, छातीवर वायू मापायचं मशीन लावलेला... नोआक! माझा हिंगतज्ज्ञ! मास्क लावून आत गेला. आणि मी आईंचं डोकं मांडीवर घेऊन बर्फात बसलोय, समोर घराचं दार सताड उघडं, आणि मी बघतोय... बर्फ भुरभुरत होता, आणि तो खाली पडत नव्हता. दारापाशी आला की वळायचा आणि आत जायचा. सगळा. एका रांगेत, माझ्या उदबत्तीच्या धुरासारखा, आत, आत, स्वयंपाकघराकडे! मग आत नोआकनं चिमणीचं बटण दाबलं असणार. बर्फ पुन्हा सरळ खाली पडायला लागला.

जिकडे दाब कमी तिकडे हवा जाते! माझं वाक्य! माझी डॉक्टरेट! घर मी सगळीकडून बंद केलं, आणि त्याला वरून हॉटेलातली चिमणी लावली, ती घरातली हवा बाहेर फेकतेय, मग आत हवा येणार कुठून? खिडकीतून? पट्ट्या लावल्यात! दारातून? बुजवलंय! एकच भोक उरलं, धुराड्याचं. मग धुराड्यातून हवा उलटी खाली, केसेलमधून, कोळशाचं विष घेऊन, जिन्यानं वर, आईंच्या खोलीत! फोडणीच्या वेळी वास यायचा कारण फोडणीच्या वेळी चिमणी चालू असायची. डोकं दुपारी दुखायचं कारण दुपारी चिमणी चालू असायची. आणि शेजाऱ्यांना फोडणीचा वास येऊ नये म्हणून मी हे सगळं केलं होतं!

हॉस्पिटलात त्यांना प्रेशर चेंबरमध्ये ठेवलं. म्हणजे काय, एका बंद खोलीत हवेचा दाब वाढवायचा आणि ऑक्सिजन द्यायचा. ज्या बाईला मी घरातला दाब कमी करून मारत होतो, तिला तिथे दाब वाढवून जगवत होते. मी काचेबाहेर उभा. तिथल्या माणसानं विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं, हेच.

वाचल्या. वाचल्या हो. घरी आल्या, आल्या आल्या मला म्हणाल्या, 'माझी उदबत्ती संपवलीत ना तुम्ही?' आम्ही हसलो, रडलो, वैभवी तर त्यांच्या पायाशी बसून राहिली, 'नाटकं' हा शब्द आमच्या घरातून गेला तो गेलाच. वाटलं, संपलं एकदाचं. डॉक्टर म्हणाले होते, कधी कधी परिणाम नंतर दिसतात, काही आठवड्यांनी. आम्ही मान डोलावली होती, गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोबर, बरोबर. मग एक दिवस आमटीत मीठ दोनदा पडलं. मग उर्जाला त्या वैभवी म्हणायला लागल्या. मग तेच विचारायचं, पुन्हा तेच, 'हृषिकेशराव, आज वार कोणता?' पाच मिनिटांनी पुन्हा. आणि सगळ्यात वाईट काय सांगू? फटकळपणा गेला. मी चहा सांडला तरी काही बोलत नाहीत, गोड हसतात. त्यांनी एकदा, फक्त एकदा मला झापावं म्हणून मी मुद्दाम बूट घालून स्वयंपाकघरात जातो. तर म्हणतात, 'या ना, बसा. कुठून आलात?' मिरजेला एकट्यानं राहायला जायचा प्रश्नच संपला.

बाकी घर आता एकदम नियमात! चिमणीला एक स्विच बसवलाय, खिडकी उघडली तरच चिमणी चालू होते. म्हणजे बाहेर उणे दहा असू दे, फोडणी द्यायची तर खिडकी उघडायची. आणि ती खिडकी कुणाच्या बाजूला उघडते? फ्राऊ लेनर्टच्या! सगळा वास सरळ त्यांच्या घरात! त्या आता काही म्हणत नाहीत. हळूच आपली खिडकी लावून घेतात. आणि अलार्मच्या टोप्या काढून टाकल्यात, गुलाबी आणि निळी दोन्ही. वाजला की कुणी टॉवेल हलवायचा नाही, कुणी स्टुलावर चढायचं नाही, सगळ्यांनी बाहेर पळायचं. कायदा!

तर परवा शनिवारी वाजला. आम्ही पळालो ना! उर्जा, वैभवी, आई, मी, सगळे मोज्यांवर बर्फात! गाडी आली, नोआक उतरला, धावत आत गेला. आमचा जीव असा मुठीत. आणि दोन मिनिटांनी हळूहळू चालत बाहेर आला, मास्क काढला, मशीन मला दाखवलं, नुल. शून्य. विष नाही, काही नाही. दुसऱ्या हातात आईंची कढई. तळाशी काळी राख, कोळसा झालेली मोहरी. आईंनी फोडणी टाकली होती आणि विसरून बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या होत्या. नोआक माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. ह्या वेळी त्याला म्हणायचा हक्क होता. पण त्यानं कढई पाठीमागे लपवली.

आईंनी माझी बाही ओढली. नाक असं आक्रसलं, आणि कितीतरी दिवसांनी कपाळाला ती जुनी आठी पडली. 'हृषिकेशराव, वास कसला येतोय हो? कुणाची फोडणी करपली वाटतं?' वैभवीनं तोंड फिरवलं. मी उर्जाच्या मोज्यांवरचा बर्फ झटकायला लागलो. तर स्वतःच म्हणाल्या, अगदी ताठ होऊन, 'माझी नव्हे हं. माझ्या फोडणीला असा वास येत नाही!'

आता तुम्हीच सांगा, काय बोलणार माणूस? म्हटलं, 'छे हो आई, तुमची कशी असेल? कोळशाचा असणार, दुसरं काय!'